ही चूल कोणाच्या जिवावर

इंदोरा, नागपूर
दि. २७ ऑक्टोबर १९७४

ती. सौ. प्रेमिलाताईस,
रविंद्रचा सा. जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. त्यात मौद्याच्या शाळेची खुशाली दोन ओळी आणि माझी खरडपट्टी दोन पानं, म्हणून आधी तेच निस्तरतो. होय, मी कॉलेज सोडलं. बी.कॉम.चं दुसरं वर्ष अर्ध्यात टाकलं आणि सिंधूआत्याच्या हाताखाली विम्याच्या कामाला लागलो. बाबांनी कन्हानहून निरोप धाडला की ह्या देवाजीला मुलगा नाही असं समजून वाग. मीही उलट निरोप धाडला की बरं, समजतो. मधल्यामध्ये आई रडून राहिली असेल, ते मला कळतं. पण ताई, मागच्या बाकावर बसून मी वहीत दिवसभर एकच नाव लिहीत होतो. तिथं बसून बाबांचा पैसा जाळण्यापेक्षा हे बरं.

ते नाव तुला ठाऊक आहे, तरी तू मुद्दाम विचारलंस. शामला. कन्हानच्या ताराचंदची सून. तिचा नवरा खाणीत गेला त्याला दोन वर्षं झाली. त्याचा विमा आत्यानंच काढला होता. आत्याची रीत तुला माहीत आहे. माणूस गेल्यावर विम्याचा चेक ती टपालानं जाऊ देत नाही. स्वतः घेऊन जाते, जमिनीवर बसते, कामाचा चकार शब्द बोलत नाही. वर्ष उलटलं की पुन्हा त्याच घरी जाते आणि त्या बाईला विचारते, का बाहेर निघतेस का वं माझ्यासंगं. तिच्या हाताखालच्या साऱ्या बाया अशाच आलेल्या. शामलाही तशीच आली.

ताराचंदनं तिला एका वर्षाच्या बोलीवर पाठवलं आहे. नव्या एजंटाला वर्षात बारा माणसांचा विमा काढावा लागतो, नाहीतर एजन्सी जाते. एजन्सी गेली की तिनं मुकाट्यानं कन्हानला परतायचं आणि धाकट्या दिराशी लग्न लावायचं. मार्चअखेर तिचं वर्ष भरतं. आजवर एक झाला आहे, तोही आत्याच्या ओळखीचा.

दर शनिवारी आत्याच्या घरी बायांची तालीम असते. आतोबांची गिरणीतली काळी टोपी खुंटीला आहे ना, ती एकीनं घालायची, खाटेवर बसून नवऱ्याचं सोंग घ्यायचं, आणि दुसरीनं तिला विमा समजवायचा. काल मीराबाईनं टोपी घालून मिशी पिळल्यासारखं केलं आणि अशी खेकसली का पैसे काय मले झाडाले लागून राहिले, की बाया लोळल्या. आत्या मात्र हसत नाही. तिचं सांगणं एकच. किती मिळेल, कधी मिळेल ते मागाहून. आधी दोन प्रश्न. पहिला, ह्या घरची चूल कोणाच्या जिवावर पेटते. दुसरा, आणि ते माणूस नसलं तर. दुसरा विचारल्याशिवाय थैलीतून कागद काढायचा नाही. आणि विचारून झाला की समोरचा बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही.

शामला पहिला प्रश्न नीट विचारते. दुसऱ्याला तिचा आवाज बसतो. टोपीखालच्या मीराबाईसमोरसुद्धा. तिला त्या खाटेवर कोण बसलेलं दिसतं ते तिलाच माहीत.

नव्या बाईसोबत आत्या काही महिने एक सोबती देते. हट्ट धरून ते काम मी मिळवलं. सोबत्याचा नियम असा, की तोंड पाणी प्यायला उघडायचं, बोलायला नाही. हे माझ्यासारख्याला! हसून घे पोटभर.

भाऊजींना जयभीम. रागावलीस तरी लोभ ठेवूनच रागाव.

तुझा,
रविंद्र


मौदा
दि. ३ नोव्हेंबर १९७४

चि. रविंद्र यास,
अ. उ. आ.

हसले नाही. पत्र दोनदा वाचलं आणि चुलीवरचं दूध उतू गेलं, त्याचा दोष तुझ्या नावावर मांडला आहे.

तू आत्याकडं काम करतोस ह्याचं मला वाईट वाटत नाही. मी शिकले ती तिच्याच पैशावर. नव्यानं विमा विकायला निघाली तेव्हा तिच्याकडं दुसरं लुगडं नव्हतं. लोक म्हणत, ही आली म्हणजे घरात कोणी मरणार. ती त्या लोकांच्या ओट्यावर जाऊन बसायची. आज त्यांच्याच सुना तिच्या शनिवारात येतात. पण ती निघाली ती पोटासाठी. तू कशासाठी निघालास ते तुझ्या वहीत लिहिलेलं आहे.

एक विचारते, रागावू नको. वहीतल्या नावाला तू कधी विचारलंस का? तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली. एकीकडं सासरा तिला दिराच्या दावणीला बांधू पाहतो. दुसरीकडं तू सायकल घेऊन मागं. ती ह्या दोघांच्या मधून वाट काढून चालली आहे, एवढं तरी तुला दिसतं का?

इकडं सगळं ठीक. ह्यांच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढायलाही कोणी येत नाही, पण हे नऊच्या ठोक्याला दार उघडून बसतात आणि पाहुण्यांना सांगतात की घर दुकानावर चालतं. मी काही बोलत नाही. शाळेत यंदा सत्तर मुलं आणि फळा एक.

बाबांना दोन ओळी लिही. तू मदतीला गेलास की मागं गेलास, ते मात्र स्वतःला विचार.

आशीर्वाद आहेतच, अंगी लागू दे.

प्रेमिला


इंदोरा, नागपूर
दि. १ डिसेंबर १९७४

ती. सौ. ताईस,
सा. जयभीम. वि. वि.

तुझी शेवटची ओळ मी वाचली नाही असं समज. वाचली असती तर उत्तर द्यावं लागलं असतं.

वाडीची हकीकत ऐक. अमरावती रोडवरच्या मालगोदामांमागं ड्रायव्हर लोकांच्या भाड्याच्या खोल्या आहेत. त्यांचा म्होरक्या चंपतराव. त्यानं मान डोलवली की मागचे सहासात जण डोलवणार. महिनाभर शामला तिथं जात होती. ती बसनं, मागून सायकलवर मी. आज ट्रक भरून राहिला, उद्या नागपुरात नाही, असं करत करत मागल्या आठवड्यात चंपतराव खाटेवर नीट बसला. त्याची बायको रंभाबाई चहा घेऊन आली. दारात शेजारपाजार जमला. शामलानं पहिला प्रश्न विचारला. चंपतरावानं छातीवर हात मारला, का हा काय बसला तुमच्यासमोर. मग ती दुसऱ्याकडं वळली. ‘आणि’ एवढं म्हणाली, आणि तिथंच थांबली.

ताई, माणूस बुडताना पाहावं तसं मी पाहत होतो. चंपतरावाला हसू फुटलं. माझ्याकडं वळून म्हणे, बाईची सुई अटकली, तबकडी बदलवा गा कोणी. सारे हसले. शामला मान खाली घालून ओठ हलवत होती, आवाज नव्हता.

मग काय मी तोंडात पाणी धरून बसू? उठलो आणि सांगितलं की विचारायचं एवढंच आहे, तू मेल्यावर ही तुझी बायको काय खाईल? तो म्हणे तोंड सांभाळ. मी म्हटलं, मरणार तर आहेसच, ट्रक काय तुझी परवानगी घेऊन उलटणार आहे? रंभाबाईनं माझ्या हातातला कप हिसकला, अर्धा चहा पँटवर सांडला. शामलाचाही उचलला, तिनं तो ओठाला लावलासुद्धा नव्हता. अशा बोलाच्या लोकांना दारात काहून घेतलं म्हणून चंपतराव बायकोवरच ओरडला, आणि आम्ही बाहेर.

मी बरोबर सुनावलं, असं माझं अजून मत आहे. तिच्यावर हसणाऱ्याला मी सोडणार नाही. पण शामला स्टॉपपर्यंत माझ्या पुढं पुढं चालत गेली. बस आली तेव्हा म्हणाली की उद्यापासून तुम्ही येऊ नका. आत्यानं सारं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की तुझी पाण्याची बाटली रिकामी होती का रे. दोन दिवस झाले, मी नीट जेवलो नाही. ज्याच्यासाठी भांडलो त्यानंच पाठ फिरवावी, हा कुठला न्याय? तूच सांग.

तुझ्या बाजूनं लोभ असू दे, इकडं सध्या दुष्काळ आहे.

रविंद्र


मौदा
दि. ६ डिसेंबर १९७४

चि. रविंद्रास,
अ. उ. आ.

आज सहा डिसेंबर. शाळेतून आल्यावर मेणबत्ती लावली, मग हे लिहायला बसले, म्हणून जास्त रागावत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा अडखळत वाचतो. तो उभा राहिला की शेजारची पोरं पुढचा शब्द सांगून टाकतात. त्यांना वाटतं, मदत केली. त्या मुलाचं वाचणं तिथंच संपतं. मी त्या पोरांना वर्गाबाहेर उभं करते.

शामला अडली होती. हरली नव्हती. तिच्याजवळ तो एक प्रश्न होता, तो तू तिच्या तोंडून काढून घेतलास, आणि वर शिवीसारखा फेकलास. आत्या ‘नसलं तर’ म्हणते, ‘मेल्यावर’ म्हणत नाही. ज्या माणसाला रात्री ट्रक घेऊन निघायचं आहे त्याच्या बायकोसमोर तू ते म्हणालास.

न्याय विचारलास ना? वर्गाबाहेर उभा राहा. जेवून घे मात्र.

प्रेमिला


इंदोरा, नागपूर
दि. १९ जानेवारी १९७५

ती. सौ. ताईस,
सा. जयभीम. वि. वि.

बरेच दिवस पत्र नाही, कारण लिहिण्याजोगं तोंड नव्हतं.

डिसेंबरच्या मध्याला तळेगावाजवळ चंपतरावाचा ट्रक उलटला. जीव वाचला. उजवा पाय मांडीपासून मोडला. सरकारी दवाखान्यात, मेडिकलमध्ये, भरती केलं. वाडीत त्याच दिवशी ठरून गेलं, की त्या पांढऱ्या कपाळाच्या बाईची नजर लागली. बोललो मी, आणि पापाची धनीण ती. चहावाल्यानं तिला बाकावर बसू दिलं नाही. बाकीच्या ड्रायव्हरांनी तिला पाहून दारं लावली. तिच्या नावावर तोवर विमा होता तो एकच.

मला वाटलं, आता ती वाडीचं नाव घेणार नाही. ती दुसऱ्या दिवशी मेडिकलमध्ये गेली. थैली घरी ठेवून. आत्यानं सांगितलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, चेक घेऊन तर कोणीही जातं, हात रिकामे असताना जाता आलं पाहिजे.

पहिल्या दिवशी रंभाबाईनं तिला वॉर्डभर ऐकू जाईल अशा शिव्या दिल्या. शामला खाटेच्या पायथ्याशी खाली बसून राहिली. दुसऱ्या दिवशी शिव्या कमी झाल्या. नंतर रंभाबाईलाच अडचण पडली. ती वाडीच्या गोदामात पोती शिवते. नवरा निजून, पोरं तीन, आणि एक दिवस नाही गेली तर रोजी बुडते. शेवटी तीच म्हणाली, बसतेस तर बस वं, यायले पाणी पाज, मी येतो काम करून. ताई, तेव्हापासून रोज दुपारी शामला त्या माणसापाशी बसते. आत्या माझ्या हाती डबा पाठवते. मी तो दारात ठेवून बाहेर खिडकीशी उभा राहतो. वर्गाबाहेर उभा राहा म्हणालीस ना, ते हेच.

परवा जे झालं ते मी खिडकीतून ऐकलं. रंभाबाई संध्याकाळी आली, सुतळीनं बोटं चिरलेली. चंपतराव पडल्या पडल्या शामलाला चिडवत होता, का बाई, त्या पोरानं तुमचा सवाल नासवला, आता तुम्हीच इचारून टाका, तेवढाच माझा टाइम जाईल. मोडक्या पायाच्या माणसाचा विमा आज निघत नाही, हे तिला माहीत होतं. तरी तिनं विचारलं. ह्या घरची चूल कोणाच्या जिवावर पेटते. चंपतरावाचा हात सवयीनं छातीकडं गेला, आणि तिथं पोचायच्या आधी थांबला. तो बायकोकडं पाहायला लागला. रंभाबाईनं आपले दोन्ही तळवे उपडे केले, सुलटे केले, आणि म्हणाली, महिना झाला, माह्या. मग थोडं थांबून तीच म्हणाली, अन् मी नसली तर?

   शामलाला रडू येत होतं आणि ती ते गिळत होती. मग तिनं तोच प्रश्न, पूर्ण, नीट, रंभाबाईला परत विचारला. आवाज बसला नाही.

मी सायकल हातात धरून इंदोऱ्यापर्यंत पायी आलो. बसायचं सुचलं नाही.

तुझा,
रविंद्र


इंदोरा, नागपूर
दि. १६ मार्च १९७५

ती. सौ. ताईस,
सा. जयभीम. वि. वि.

आता पुढचं. वाडीच्या गोदामांत पोती शिवणाऱ्या, धान्य निवडणाऱ्या बाया खूप. विम्यावाला आजवर प्रत्येकीच्या दारी आला आणि नवरा कुठं आहे म्हणून विचारून परत गेला. तिला कोणी विचारलंच नाही. रंभाबाई आता दर रविवारी शामलाच्या पुढं चालते. दार वाजवायचं काम तिचं. एका ड्रायव्हरनं पुन्हा पांढऱ्या कपाळाचं काढलं, तर ही कमरेवर हात ठेवून म्हणे, कपाळ पाहाले आलास का गा, का बायकोची कमाई पाहाले? तो आत निघून गेला. मग शामला आपले दोन प्रश्न विचारते, पण नवऱ्याला नाही. पहिल्या प्रश्नाला बऱ्याच बाया आधी नवऱ्याचंच नाव सांगतात. मग बोलता बोलता थांबतात.

विमा कचेरीत अडचण निघाली. रोजीवरच्या बाया, कमाईचा कागद नाही, वयाचा दाखला नाही. आत्यानं गोदामाच्या नानाजी मुनीमजींकडून रोजीच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या, कचेरीत खेपा घातल्या, साहेबांसमोर बसून राहिली. साहेब भले निघाले. लहान लहान रकमांचे दहा विमे मंजूर झाले. म्हणजे अकरा. एक कमी, आणि महिना संपत आलेला. वाडीतल्या बाकीच्या बाया म्हणतात, पिकं निघाल्यावर, एप्रिलात.

आता माझं ऐक. हे फक्त तुला सांगतो. बारावा मीच व्हायचं ठरवलं. नानाजींकडं पोती मोजायचं काम धरलं आहे, पहिली रोजी हातात आहे. वारस म्हणून नाव कोणाचं लिहायचं, ते तर माझ्या वहीत आधीच लिहिलेलं. तिची एजन्सी वाचेल, ताराचंदचं तोंड बंद होईल, आणि जे मला दोन वर्षांत बोलता आलं नाही ते कागदावर लिहिलेलं राहील.

काल शनिवारी साऱ्या बाया जमल्या असताना मी खुंटीवरची टोपी काढली, डोक्यावर घातली आणि खाटेवर जाऊन बसलो. म्हटलं, मला विचारा. मीराबाई म्हणाली, अगं बाई, नवरदेवच आला की. सगळ्या खिदळल्या. शामला हसली नाही. समोर येऊन बसली. माझ्याकडं, टोपीकडं नव्हे, माझ्याकडं पाहून तिनं विचारलं की तुमच्या घरची चूल कोणाच्या जिवावर पेटते. खेळ नव्हता. अनोळखी माणसाला विचारावं तसं खरं विचारलं. आणि मग दुसरा. आणि तुम्ही नसलात तर कोणाची विझेल.

मी तोंड उघडलं. तुझी, असं म्हणायचं होतं. पण ताई, तिची चूल तिनं स्वतः पेटवलेली आहे, हे माझ्यासमोर बसलं होतं. मग म्हटलं, आईची म्हणू. आईची बाबांवर चालते. आत्याची आत्यावर. मी एकेक घर मनातल्या मनात फिरून आलो. माझ्या नसण्यानं कोणाच्याही घरी एक भाकर कमी होत नव्हती.

ती गप्प बसून राहिली, नियमाप्रमाणं.  शेवटी मीच टोपी काढली. तिनं थैलीत हात घातला नव्हताच. म्हणाली, विमा त्याचा निघतो ज्याच्यावर कोणी टेकून आहे. तुमच्यावर अजून कोणी टेकलेलं नाही. मी तुमचा काढणार नाही. एक कमी पडला तर पडला.

आत्यानं टोपी माझ्या हातून घेतली आणि खुंटीला लावली. मग डोक्यावरून हात फिरवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

मला राग आला नाही, हे वाचून तुला खोटं वाटेल. आज सकाळी कन्हानला जाऊन आलो. बाबा दारात होते. आत ये म्हणाले नाहीत, जा पण म्हणाले नाहीत. पहिली रोजी आईच्या हाती दिली. बाबांनी विचारलं की कॉलेजचं काय. सांगितलं, जूनपासून रात्रीचं. ते नुसतं हूं म्हणाले आणि पाटावर माझंही ताट वाढायला लावलं.

पंधरा दिवस राहिले आहेत. तिला कन्हानला नेऊन सोडायची वेळ आली तर मी काय करीन ते मला ठाऊक नाही. पण ह्या वेळी ओरडणार नाही.

जवळ असतीस तर एवढं लिहावं लागलं नसतं. लोभ पाठव, तोच टेकायला पुरे.

रविंद्र


मौदा
दि. २४ मार्च १९७५

चि. रविंद्र यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी आत्याला कार्ड टाकलं, का शामलाला रविवारी मौद्याला पाठव. तुला सांगितलं नाही, कारण तू सायकल घेऊन मागून आला असतास.

काल ती आली. मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. तू वहीत लिहीत होतास तशी ती मुळीच नाही. बारीक, उन्हानं रापलेली, चपलेचा अंगठा दोऱ्यानं शिवलेला. रंभाबाईला सोबत घेऊन आली होती. रंभाबाईच्या हातात पाण्याची बाटली. मी ओळखलं, की सोबतीण आता ही आहे, आणि पुढल्या वर्षी आत्याच्या खाटेसमोर नवी बाई म्हणून हीच बसणार. दोन तास त्या बाईनं पाण्याशिवाय तोंड उघडलं नाही. शिक काहीतरी.

हे घरीच होते. शामलानं पाणी घेतलं, जमिनीवर बसली, आणि ह्यांच्या देखत मला विचारलं की ह्या घरची चूल कोणाच्या जिवावर पेटते. मी ह्यांच्याकडं पाहिलं नाही. अकरा वर्षं मी ह्या प्रश्नाच्या बाजूनं चालत आले आहे रे. पाहुणे आले की दुकानाचं नाव घेते, बाजारात दुकानाचं नाव घेते. तोंडाला तेच येणार होतं. ती थांबून होती. मला पुढचा शब्द सांगायला कोणी नव्हतं.

मी म्हटलं, माझ्या.

हे उठून बाहेर गेले. दुकानाच्या फाटकाचा आवाज आला. मला वाटलं, संपलं. शामलानं दुसरा प्रश्न विचारला नाही, ह्यांची वाट पाहिली. बऱ्याच वेळानं हे आत आले, तिच्यासमोर बसले आणि म्हणाले का बाई, दुसरा मले इचारा. तिनं विचारला.  ह्यांनी नुसता पेन माझ्या हाती दिला, आणि माझ्याकडं पाहून हात जोडल्यासारखं केलं. मी त्यांना रागवले, का हे काय वेड्यासारखं. पण आज सकाळी चहा त्यांनी केला.

तर बारावी मी आहे. आत्याचा निरोप असेल तुला, कागद कचेरीत पोचले असतील. ताराचंदला आत्या स्वतः जाऊन सांगणार आहे, जमिनीवर बसून.

निघताना शामला फाटकाशी थांबली. रंभाबाई पुढं गेली होती. तिनं विचारलं की रविंद्र काय करतात. मी सांगितलं, पोती मोजतो, जूनपासून रात्रीचं कॉलेज आहे, बाबा पुढल्या वर्षी कामावरून निघतील तेव्हा घर त्याच्याकडंच येईल. ती ऐकत होती, चपलेचा दोरा पायानं चाचपत. मग म्हणाली, कोणी टेकलं म्हणजे मला कळवा. मी येईन विचारायला.

ती काय म्हणाली ते मी तसंच लिहिलं आहे. त्यात भर घालू नको, वहीत तर मुळीच लिहू नको. बाबांकडं दर रविवारी जात जा.

आमच्या चुलीपर्यंत तुझी खुशाली पोचत राहू दे.

तुझी,
प्रेमिला